शनिदेवाने छप्पर नाकारले, नियम नाकारले नाहीत!

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव देशभर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील देवाला छप्पर नाही आणि तेथील घरांना दारे नाहीत. पानसनाल्याच्या पुरात एक काळी शिळा वाहत आली, गुराख्याने तिला टोचताच तिच्यातून रक्त आले, पुढे स्वप्नदृष्टान्तात देवाने स्वतःची ओळख सांगितली आणि आकाश हेच माझे छप्पर, असे बजावले, अशी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सुमारे साडेपाच फूट उंचीची ती शिळा आजही चौथऱ्यावर ऊन-पाऊस झेलीत उभी आहे. तिच्या भरवशावर गावाने दारांना कड्याकुलपे लावली नाहीत. जगात असे उदाहरण शोधून सापडणार नाही.

या गावाबद्दल आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. जानेवारी २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा परदेशी वृत्तसंस्था धावून आल्या. २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले, तेव्हा 'आता देवावरचा विश्वास उडाला का?' असे कुत्सित मथळे झळकले. २०१६ मध्ये चौथऱ्यावरील महिलांच्या प्रवेशावरून दूरचित्रवाहिन्यांनी कित्येक आठवडे गुऱ्हाळ चालवले. २०१८ मध्ये विधिमंडळाने देवस्थानच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र कायदा केला. दानपेटी, विश्वस्त, चौथरा, कुलूप या सर्वांवर चर्चा झाली. मात्र एक साधा प्रश्न ना बुद्धिवाद्यांनी विचारला, ना श्रद्धावंतांनी. शनी अमावस्येला लाखोंच्या संख्येने येणारा भाविक ज्या मंडपाखाली रांगेत उभा राहतो, ज्या लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर मुलाबाळांसह झोपतो, ज्या दुकानाच्या पत्र्याखाली पावसात आसरा घेतो, ते छप्पर कोणी तपासले आहे?

देवाने स्वतःसाठी छप्पर नाकारले. भक्तांच्या डोक्यावर मात्र आपण छपरे चढवीत चाललो आहोत आणि त्यांची जबाबदारी कोणीच घेत नाही.

करार चोरीपुरता आहे

प्रथम श्रद्धेचा मुद्दा स्वच्छ करून घेतला पाहिजे, कारण पळवाटा तेथूनच फुटतात. शिंगणापूरच्या परंपरेतला करार चोरीबद्दलचा आहे. जो दुसऱ्याच्या घरात अपहाराच्या बुद्धीने शिरेल, त्याला शनिदेव शासन करील, असा हा विश्वास आहे. त्याचा आधार मनुष्याच्या मनातील पापभीरुता हा आहे. चोरालाही मन असते, त्यालाही भय वाटते, म्हणून हा करार चालतो. ज्यांना यात केवळ अंधश्रद्धा दिसते, त्यांना एका गावाने शेकडो घरांत परस्परविश्वासाचे केवढे भांडवल जमा केले आहे, हे दिसत नाही.

परंतु काँक्रीटला पापभीरुता नसते. कमी सिमेंट घातलेला स्तंभ रात्री दोन वाजता खचताना खाली कोण झोपले आहे, याचा विचार करीत नाही. गंजलेल्या सळईला दृष्टान्त होत नाही. 'देव राखील' हे वाक्य चोराच्या संदर्भात श्रद्धा आहे, स्लॅबच्या संदर्भात तो निव्वळ आळस आहे. दोहोंची गल्लत करणारा माणूस श्रद्धाळू ठरत नाही, तो देवाच्या आड लपत असतो.

आणि कोणत्या देवाच्या आड? शनी ही न्यायाची देवता. कर्माचे फळ ज्याचे त्याला देणारा, राजा-रंक न पाहणारा देव, अशी त्याची ख्याती. इमारतीच्या बाबतीत मात्र हा न्याय उलटा होतो. सिमेंट चोरतो ठेकेदार, खोटा दाखला देतो अभियंता, डोळेझाक करतो अधिकारी आणि ढिगाऱ्याखाली जातो तो यांपैकी एकही नसलेला भाडेकरू, कामगार किंवा यात्रेकरू. एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याच्या लेकराने भोगायचे, हे शनीच्या न्यायात बसत नाही. ज्या ठिकाणी कर्म एकाचे आणि भोग दुसऱ्याचा असतो, त्या ठिकाणी समाजाने कायद्याचे शासन उभे करायचे असते. बांधकाम परवानगी, तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र ही त्या शासनाची साधने आहेत.

लोखंड हा शनीचा धातू मानतात. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, हा संकेत आपल्या घराघरांत पाळला जातो. शनिवारी खिळा न घेणारा माणूस सोमवारी गंजकी सळई स्तंभात निःशंकपणे घालतो, तेव्हा त्याने शनीचा कोणता मान राखला? पाणी मुरले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या फुगवट्याने काँक्रीट आतून फुटते आणि पापुद्रे सुटू लागतात. छताचा गिलावा पडला की आपण पुन्हा गिलावा करून रंग मारतो. रोग हाडाला आणि मलम कातडीला! इमारतीची साडेसाती तेल वाहून उतरत नाही, तिला तपासणी आणि दुरुस्ती लागते.

कागदावर खेडे, जमिनीवर नगर

शिंगणापूर कागदोपत्री ग्रामपंचायतीचे गाव आहे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावठाणातील बांधकामावर पंचायतीचे नियंत्रण असते. त्यावर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. २०२१ मध्ये शासनाने ग्रामीण भागात आणखी सवलत दिली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला परवानगीची गरज उरली नाही, परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेली कागदपत्रे पंचायतीला दिली की झाले. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे न जाता ग्रामपंचायतीच्याच पातळीवर काम भागते.

शेतकऱ्याच्या घरासाठी ही सवलत योग्यच आहे. दोन खोल्यांच्या घरासाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला लावणे हा जुलूम होता. परंतु ज्या गावात वर्षभर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, त्या गावाला हाच मापदंड कसा पुरेल? तेथे घरावर मजला चढतो तो सुनेसाठी नव्हे, यात्रेकरूंसाठी. खाली दुकानाचे गाळे काढायचे म्हणून तळमजल्याच्या भिंती जातात आणि इमारत काठ्यांवर उभी राहिल्यासारखी होते. वर पाण्याच्या टाक्या, त्यावर जाहिरातीचा फलक. मंजूर नकाशा एका घराचा आणि प्रत्यक्षात उभे राहते ते विश्रामगृह! ग्रामसेवक हा अभियंता नसतो. जन्ममृत्यूच्या नोंदींपासून घरपट्टीपर्यंत सारे सांभाळणाऱ्या त्या एका माणसाने कोणत्या स्तंभात किती सळई आहे, ते पाहायचे कसे?

शहरातील बांधकाम विभाग काय करतो, किंवा त्याने काय करायला हवे, हे सामान्य माणसाला फारसे ठाऊक नसते. नोटिसा काढणारे आणि हात ओले केल्याशिवाय फाइल न हलवणारे खाते, एवढीच त्याची ओळख उरली आहे. वास्तविक त्या खात्याचे काम वैद्याचे आहे. जमीन कशी आहे, पाया किती खोल जाणार, भार कसा वाटला जाणार, हे नकाशाबरोबर तपासायचे. जोत्यापर्यंत काम आले की जागेवर जाऊन जोते नकाशाप्रमाणे आहे का, ते पाहायचे. काम पूर्ण झाल्यावर जिने, बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निशमनाची सोय पाहून मगच भोगवटा द्यायचा. पुढे इमारत वयाला आली की पुन्हा तपासायचे. यातील एकेक पायरी कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतर माणसांनी शिकून लिहून ठेवलेली आहे.

नेवासे परिसरातील काळ्या मातीचेच पाहा. ही माती उसाला सोन्यासारखी, पण पायाला वैरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी हलतो. म्हणून जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय पाया भरीत नसत. आज जेसीबीने दोन फूट चर खणून दुपारपर्यंत काँक्रीट ओतले जाते. भिंतीला तिरकी भेग पडली की दोष वास्तूच्या दिशेला दिला जातो आणि स्वयंपाकघर हलवले जाते! याच तालुक्यात नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, ही वारकऱ्यांची श्रद्धा. सातशे वर्षांपूर्वीचा खांब जपणाऱ्या तालुक्यात दहा वर्षांच्या खांबाची खात्री देता येऊ नये?

यादी वाढतच आहे

महाराष्ट्राने या हलगर्जीपणाची किंमत किती मोजली, त्याचा हिशेब मांडायला हवा. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असतानाच बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. तपासात महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटक झाले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मुंबईत डॉकयार्ड रोड येथे ६१ जण गाडले गेले. ती इमारत कोणा बिल्डरची नव्हती, खुद्द महापालिकेची होती आणि तीत पालिकेचेच कर्मचारी राहत होते. दुसऱ्यांच्या घरांना धोकादायक ठरवणाऱ्या यंत्रणेला स्वतःचे घर दिसले नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत पत्त्यांसारखी कोसळून १६ जण दगावले. तिचे वय दहा वर्षेही नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर एका बेकायदा इमारतीचा भाग कोसळला आणि १७ जण मृत्युमुखी पडले.

महाडचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ नुसार इमारतीला तीस वर्षे झाली की तिची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. कायदा तिसाव्या वर्षी प्रश्न विचारतो आणि इमारत दहाव्या वर्षाच्या आतच उत्तर देऊन मोकळी होते. म्हातारपणाची तपासणी हवीच, पण जन्माच्या वेळचीच तपासणी झाली नसेल, तर त्या तरतुदीचा उपयोग काय?

इमारत उभी राहूनही माणसे मरतात, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि उपचार घेत असलेले ११ कोरोनाग्रस्त त्या दिवशी प्राणास मुकले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने १० नवजात बालकांचा बळी घेतला होता आणि त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश सुटले होते. आदेश सुटले, दहा महिने गेले आणि तेच पुन्हा घडले. आपल्याकडे आदेशालाच काम समजतात, हे खरे दुखणे आहे.

२००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम सांगतो की, मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे. आपण राहतो त्या संकुलाने, आपली मुले जातात त्या शिकवणीवर्गाने, आपण लग्नाला जातो त्या मंगल कार्यालयाने गेल्या जुलैमध्ये ते दिले होते का? हा प्रश्न विचारणारे किती जण आहेत?

येथे एक गंमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम आली आणि २०१६ मध्ये तिची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. बाहेर पडण्याच्या मार्गावरील दार आतल्या माणसाला किल्लीविना उघडता आले पाहिजे, असे ती सांगते. १९९७ मध्ये दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात ५९ माणसे गुदमरून मेली, ती बाहेर पडण्याच्या वाटा बंद असल्यामुळे. या एका कसोटीवर शिंगणापूरचे पारंपरिक घर देशातील कोणत्याही आलिशान मॉलला हरवील! कुलूप न लावणाऱ्या पूर्वजांनी ते चोरीच्या संदर्भात केले, हे खरे. पण ज्या गावाच्या अंगवळणी उघडी वाट पडली आहे, त्या गावाने भाविकांच्या निवासांतही उघडी वाट राखावी, गच्चीचे दार आणि जिना सामान रचून बंद करू नये, ही अपेक्षा जड वाटू नये.

देवाच्या नावाने दिलेली सूट

आता थोडे कटू बोलले पाहिजे. हिंदू समाजाची देवस्थाने ही समाजाची शक्तिकेंद्रे आहेत, असे आपण मानतो. मग तेथे येणाऱ्या हिंदूचा जीव सर्वाधिक सुरक्षित असायला हवा. वस्तुस्थिती काय आहे?

२५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ ३०० भाविक चेंगरून आणि होरपळून मेले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली फरशी आणि दुकानांतील गॅस सिलिंडर, ही त्या अनर्थाची सामग्री होती. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. नारळाच्या जागी तेल ठेवून पाहा. कोणत्याही शनिस्थानाच्या अरुंद वाटेवर ही सामग्री आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. तेल निसरडे असते आणि जळतेही.

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बारवेवर टाकलेले छत हवनाच्या वेळी खचले आणि ३६ भाविक बुडाले. त्या बांधकामाबद्दल महापालिकेने आधी नोटीस दिलेली होती. धार्मिक भावना दुखावतील, या सबबीपुढे पालिका थबकली. लगेच ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात जुने झाड मंदिराजवळच्या पत्र्याच्या निवाऱ्यावर पडले आणि आरतीला जमलेल्यांपैकी ७ जण गेले.

इंदूरला भावना कोणाच्या दुखावल्या? छत्तीस घरांच्या दुखावल्या! नोटीस बजावणारा अधिकारी त्या दिवशी धर्माचा शत्रू ठरवला गेला असेल, पण तो खरा धर्मकार्य करीत होता. 'आमच्याच देवळांच्या मागे का लागता?' हा प्रश्न अनेकदा रास्त असतो. अतिक्रमणाच्या कारवाईत मतपेटी पाहून डावे-उजवे होते, हे जनता रोज पाहते. त्यावर उत्तर एकच. नियम सर्वांना सारखा लावा. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो, रुग्णालय असो की मंत्र्याचे महाविद्यालय, काँक्रीटची कसोटी एकच. समानतेची मागणी करणाऱ्याने आपल्या देवळासाठी सूट मागितली की त्याचा युक्तिवाद तेथेच संपतो. आणि सूट मिळालीच, तर तिची किंमत विरोधक मोजत नाही, आपलीच आई-बहीण मोजते.

ही शिस्त परकीयांनी शिकवलेली आहे, असेही कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेसाठी आगीविरुद्ध तपशीलवार नियम दिले आहेत. घरोघरी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आकडे ठेवणे, रस्त्यांवर पाण्याचे हंडे भरून ठेवणे, अग्नीवर काम करणाऱ्या कारागिरांची वस्ती एका बाजूला करणे, आणि लागलेली आग विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण व भाडेकरूला सहा पण दंड! घर बांधताना शेजाऱ्यापासून अंतर, सांडपाण्याची वाट यांचेही नियम त्याने दंडासह सांगितले. वराहमिहिराने बृहत्संहितेत घर बांधण्यापूर्वी भूमीची परीक्षा कशी करावी, ते सांगितले. आपण वास्तुशास्त्रातील दिशा तेवढी उचलली आणि मातीची परीक्षा विसरलो. ज्या अहिल्यादेवींचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याला मिळाले, त्या याच जिल्ह्यातील चौंडीच्या. त्यांनी बांधलेले घाट आणि मंदिरे दोन शतकांहून अधिक काळ पूर आणि गर्दी सोसत उभी आहेत. नाव त्यांचे आणि काम कच्चे, हे शोभत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, परवानगीचे खाते वाढवले म्हणजे लाचेचे दुकान वाढवले. यात तथ्य आहे. पण वैद्य लबाड निघाला म्हणून कोणी औषध बंद करीत नाही, वैद्य बदलतो. नकाशा, तपासणीचे दिनांक, तपासणाऱ्याचे नाव आणि भोगवटा प्रमाणपत्र इमारतीच्या दर्शनी भागी फलकावर लावा. लाच अंधारात पिकते, फलकावर नाही. उलट, बेकायदा बांधकामाची खरी जननी नियमितीकरणाची आशा आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली. आज बांधा, उद्या दंड भरा, हा संदेश त्यातून जातो. जमिनीचा गुंठा दंड भरून नियमित करता येतो, कमकुवत स्तंभ दंड भरून मजबूत होत नाही, एवढा फरक तरी राज्यकर्त्यांनी ओळखावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गरिबाने अभियंता आणायचा कोठून? त्याला किल्लारीचे उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसे झोपेत मेली. त्यांना मारले ते भूकंपाने नव्हे, त्यांच्याच दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या जड माळवदांनी. भारताच्या भूकंप नकाशात तो भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. बापजाद्यांपासून चालत आलेली जाड भिंत सुरक्षित वाटे, पण तिच्या आतील-बाहेरील थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. ते दगड, दारे-खिडक्यांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांतील उभी सळई यांचा खर्च घराच्या खर्चाच्या मानाने थोडा असतो. तो न केल्यामुळे झालेला खर्च मोजायला आकडे अपुरे पडतात.

किल्लारीच्या ढिगाऱ्यांत पहिल्या दिवसापासून स्वयंसेवक उतरले होते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. प्रेते काढणे, अंत्यसंस्कार करणे, निवारे उभारणे या कामांत संघटित समाज कधी मागे राहिला नाही. पण ढिगाऱ्यावर धावणारी संघटना ढिगारा होण्यापूर्वीही धावू शकते. ते काम दिसत नाही, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत, त्याबद्दल सत्कार होत नाही. म्हणूनच ते कार्यकर्त्याचे काम आहे.

काय करावे?

शासनाकडे मागणी सुस्पष्ट असावी. शिंगणापूरसारखी जी यात्रास्थळे कागदावर खेडी आणि जमिनीवर नगरे आहेत, त्यांच्यासाठी तालुका पातळीवर अभियंता, नगररचनाकार आणि अग्निशमन अधिकारी असलेला स्वतंत्र बांधकाम कक्ष असावा. यात्रेकरूंना पैसे घेऊन निवास देणाऱ्या प्रत्येक इमारतीला, क्षेत्रफळ कितीही असो, घरासाठीची सवलत लागू नसावी. तिची संरचनात्मक आणि अग्निसुरक्षा तपासणी ठरावीक मुदतीने व्हावी आणि तिचा निष्कर्ष दारावर लावावा. दार नसेल, तर चौकटीवर लावावा! मोठ्या देवस्थानांनी आपल्या उत्पन्नातील काही वाटा परिसरातील गरीब घरमालकांच्या तपासणीसाठी द्यावा. भक्ताने वाहिलेला पैसा भक्ताच्या जीविताच्या रक्षणास लागणे, याहून मोठे पुण्य कोणते?

समाजाने करावयाचे काम त्याहून सोपे आहे. प्रत्येक नगरात, प्रत्येक वस्तीत स्थापत्य अभियंता झालेला एखादा तरुण आपल्या परिचयात असतो. त्याला बरोबर घेऊन पावसाळ्यापूर्वी एक रविवार द्यावा. आपली सोसायटी, आपली शाळा, आपले मंदिर, उत्सवाचा मंडप पाहावा. स्तंभांना भेगा आहेत का, सळया उघड्या पडल्या आहेत का, गच्चीवर पाणी साचते का, जिन्याखाली सिलिंडर किंवा दुचाकी आहेत का, बाहेरची वाट मोकळी आहे का, हे नोंदवून संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात विचारावे. घर विकत घेताना दिशा पाहणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्रही पाहावे. यात्रेला जाताना लॉजवाल्याला गरम पाण्याबरोबर दुसरा जिना कोठे आहे, हेही विचारावे. दहा जणांनी विचारले की अकराव्याला तो करावा लागतो.

शिंगणापूरचा देव उघड्यावर उभा आहे. त्याच्या डोक्यावर पडण्यासारखे काही नाही. तो निर्धास्त आहे, तो त्याने केलेल्या निवडीमुळे. त्याच्या दारी येणारा भाविक मात्र आपण बांधलेल्या छपराखाली उभा असतो आणि ती निवड त्याची नसते, आपली असते. न्यायदेवतेच्या गावात जबाबदार कोण, हा प्रश्न अपघातानंतर चौकशी आयोगाने विचारायचा नसतो. तो आधीच विचारून त्याचे उत्तर घेतले, तरच तेथे वाहिलेल्या तेलाला अर्थ आहे.